आजारी लेकीला भेटायचा व्हिसा नाकारला, आता दुसरा अर्ज कसा करायचा?

माझी बहीण इंग्लंडमध्ये लीड्सला राहते. तिला स्तनाचा कर्करोग निघाला, केमो सुरू झाली आणि इकडे आईने एकच धोशा लावला, "माले मनी पोरले भेटाले जावानं शे." आम्ही अमळनेर तालुक्यातले. कापूस, दादर ज्वारी, थोडा हरभरा आणि दोन म्हशी. आईचा पासपोर्ट होता. एका एजंटकडून घाईघाईत अर्ज भरून घेतला आणि जानेवारीत नकार आला. दुसरा अर्ज आम्ही घरी बसून भरला आणि मार्चमध्ये व्हिसा मिळाला.

मधल्या सात आठवड्यांत जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो. खान्देशातल्या कितीतरी घरांतली मुलं आज परदेशात आहेत. मागे राहिलेल्या आईबापांकडे पगाराची स्लिप नसते, शेत असतं. त्या शेताचे कागद परदेशातल्या अधिकाऱ्याला कळतील असे कसे मांडायचे, इथेच बहुतेक अर्ज अडतात. मी जे सांगतोय ते यूकेच्या स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसाबद्दल आहे.

पत्र आधी नीट वाचा

नकार आला की पहिल्या दिवशी घरात रडारड होते. दुसऱ्या दिवशी कोणीतरी म्हणतं, "लगेच पुन्हा भरून टाकू." तसं करू नका. नकाराचं पत्र छापून घ्या, पेन घ्या आणि कारणांच्या प्रत्येक वाक्याला नंबर द्या. आमच्या पत्रात अशी सहा वाक्यं निघाली. पुढचं सगळं काम त्या सहा वाक्यांना उत्तर देण्याचं होतं.

पत्रात नियमांचे आकडे असतात. पाहुण्यांसाठीचा मुख्य नियम म्हणजे यूकेच्या इमिग्रेशन नियमांच्या परिशिष्ट व्ही मधला परिच्छेद ४.२. त्यातलं उपकलम ए म्हणजे भेट संपली की तुम्ही देश सोडाल का. सी म्हणजे सांगितलेल्या कामासाठीच खरोखर जाताय का. ई म्हणजे काम न करता, सरकारी मदत न घेता खर्च भागेल एवढे पैसे आहेत का. आमच्या पत्रात ए, सी आणि ई अशी तिन्ही होती.

पत्रात कुठे खोटी माहिती, बनावट कागद किंवा फसवणूक असा शब्द आला असेल, तर इथेच थांबा. ते प्रकरण वेगळं आहे. त्यात दहा वर्षांपर्यंत बंदी लागू शकते आणि घरी बसून दुसरा अर्ज भरण्याने ते सुटत नाही. अशा वेळी तिकडच्या नातेवाइकाला सॉलिसिटर किंवा नोंदणीकृत इमिग्रेशन सल्लागार गाठायला सांगा. यूकेत असे सल्लागार इमिग्रेशन ॲडव्हाइस अथॉरिटीकडे नोंदलेले असतात. २०२५ च्या जानेवारीपर्यंत या संस्थेचं नाव वेगळं होतं, पण काम तेच.

अपिलाबद्दल विचाराल, तर कुटुंबाला भेटायला जाणाऱ्यांचा अपिलाचा पूर्ण हक्क जून २०१३ मध्ये काढून घेतला गेला. आता मानवी हक्कांच्या मुद्द्यावरच अपील करता येतं आणि त्यात महिनोन् महिने जातात. माणूस आजारी असताना नवा अर्ज हीच जवळची वाट. त्यासाठी थांबण्याची कसलीही सक्ती नाही, नकारानंतर दुसऱ्या दिवशीही अर्ज करता येतो. पण तेच कागद पुन्हा लावले तर तोच नकार येतो.

आजार खरा असला, तरी अडतं कुठे

आम्ही सगळे एका गोष्टीत चुकलो होतो. हॉस्पिटलचं पत्र पाहून कोणाचंही मन द्रवेल, मग व्हिसा का नाही देणार, असं वाटत होतं. नकाराच्या पत्रात अधिकाऱ्याने ताईच्या आजारावर शंका घेतलीच नव्हती. उलट आजाराची नोंद घेऊन पुढे लिहिलं होतं की तुम्ही परत जाल याची खात्री पटत नाही. विचार केल्यावर लक्षात आलं की आजाराचा कागद जाण्याचं कारण सांगतो, परतण्याचं नाही. खरं तर पोटची पोर आजारी आहे म्हटल्यावर आई तिथेच राहून जाईल, असं समोरच्याला जास्तच वाटू शकतं. म्हणून दुसऱ्या अर्जातले निम्म्याहून जास्त कागद घराकडच्या आयुष्याचे असायला हवेत.

अर्ज वाचणारा माणूस तुम्हाला कधीच पाहत नाही. मुलाखत बहुतेकदा होतच नाही. अमळनेरच्या बाजारात आईला दहा लोक ओळखतात, याचा तिथे उपयोग नाही. कागदावर आहे तेवढंच त्याच्यापर्यंत पोचतं.

पैशाचा माग

आमची सगळ्यात मोठी चूक इथे होती, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एजंटने सांगितलं, "बॅलन्स दाखवा." आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, त्या आठवड्यात २६ क्विंटल कापूस ७,०५० च्या भावाने जिनिंगला दिला होता. १,८३,३०० रुपये त्यांच्या खात्यावर आले. त्यातले १,८०,००० रोख काढून त्यांनी आईच्या खात्यात भरले. त्याआधी त्या खात्यात ११,४०० रुपये होते. सहा दिवसांनी अर्ज गेला. नकाराच्या पत्रात ती तारीख आणि ती रक्कम जशीच्या तशी होती. हा पैसा कुठून आला आणि तो खरोखर तुमच्या वापरासाठी आहे का हे दिसत नाही, असं लिहिलं होतं. पैसा घामाचा होता, पण कागदावर तो आभाळातून पडल्यासारखा दिसत होता.

दुसऱ्या वेळेस आम्ही ती रक्कम लपवली नाही, तिचा माग दाखवला. जिनिंगची काटापावती आणि हिशोबपट्टी, आबांच्या पासबुकातली जमा, त्याच दिवशी काढलेली रोख, आईच्या खात्यातला भरणा. चार कागद एकामागे एक लावले आणि पत्रात दोन ओळींत सांगितलं. तुमच्याकडे कापूस खेडा खरेदीत रोखीने गेला असेल आणि पावती नसेल, तर अडचण खरी आहे. मग बाजार समितीची, सीसीआयची (सरकारी कापूस महामंडळाची) किंवा जिनिंगची जी विक्री खात्यातून झाली असेल, तेवढीच दाखवा. ज्याचा माग नाही ती रक्कम अर्जाच्या तोंडावर खात्यात भरू नका. शेजाऱ्याकडून आठ दिवसांसाठी पैसे आणून शिल्लक फुगवणं तर अजिबात करू नका. ते लगेच ओळखू येतं, आणि एकदा विश्वास गेला की खऱ्या कागदांवरही तो बसत नाही.

दुसरी गोष्ट आम्हाला फार उशिरा सुचली. म्हशींचं दूध डेअरीला जातं ते आईच्या नावावर. दर दहा दिवसांनी तिचं बिल जिल्हा बँकेच्या खात्यात जमा होतं. महिन्याला खर्च वजा न करता नऊ-साडेनऊ हजार. एजंटने राष्ट्रीयीकृत बँकेचं स्टेटमेंट चांगलं दिसतं म्हणून तेच लावलं आणि हे खातं वगळलं. म्हणजे आईचं स्वतःचं, नियमित, वर्षानुवर्षं चालू असलेलं उत्पन्न अर्जात नव्हतंच! आम्ही बँकेत जाऊन सहा महिन्यांचा उतारा सही-शिक्क्यासह काढला आणि डेअरीची बिलं जोडली. रक्कम लहान होती, पण अधिकाऱ्याला हवं ते हेच होतं, ठरावीक दिवसांनी येणारा आणि ओळखता येणारा पैसा. तुमच्या घरातही असं एखादं खातं असेल. पेन्शन, दुकानभाडं, शिवणकाम, दूध. ज्याच्या नावाचा अर्ज त्याच्या नावाचं उत्पन्न आधी शोधा.

शेताचे कागद

सातबारा आणि आठ अ डिजिटल सहीचेच काढा. मराठी कागदासोबत इंग्रजी भाषांतर लागतं. त्यावर भाषांतर मूळ कागदाशी जुळतं असं विधान, तारीख, भाषांतर करणाऱ्याचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क असायला हवा. हे राहिलं तर अधिकारी तो कागद बाजूला ठेवू शकतो. सातबाऱ्याचं अख्खं भाषांतर केलं तरी "भोगवटादार वर्ग १" म्हणजे काय हे तिकडे कोणाला कळणार? म्हणून पत्रात साध्या शब्दांत सांगा की इतके एकर जमीन, अमुक यांच्या मालकीची, त्यात ही पिकं.

जमीन नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असेल तर तसंच लिहा. आईच्या नावावर एक गुंठाही नाही. आम्ही रेशनकार्ड जोडून कुटुंब एक असल्याचं दाखवलं, आबांचं सहीचं पत्र जोडलं आणि तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लावला. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे घरात आयटीआर, म्हणजे आयकर विवरणपत्र, कोणाचंच नव्हतं. हे कारण एका वाक्यात आपणच सांगून टाकावं, नाहीतर आयटीआर का नाही हा प्रश्न समोरच्याच्या मनात राहतो.

परत येण्याची कारणं तुमच्या घरातलीच शोधा. आमची अशी होती: आबा इथेच राहणार होते, ऐंशी ओलांडलेली आजी घरात होती आणि तिचं औषधपाणी आईकडे होतं, म्हशींचं दूध सुरू होतं आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ येत होती. आखाजीला आमच्याकडे सालदार (वर्षाच्या बोलीचा गडी) ठरतो, वर्षाचा हिशोब लागतो आणि त्यानंतर कपाशीच्या तयारीला सुरुवात होते. आम्ही लिहिलं की आई आखाजीच्या आधी घरी असेल. आई-आबा दोघांनी एकदम जायचं मनात होतं, ते आम्ही सोडलं. माझं मत असं की एकदा नकार आल्यावर पहिल्या खेपेला एकट्यानेच जावं.

किती दिवस मागायचे

पहिल्या अर्जात एजंटने सहा महिने लिहिले, कारण व्हिसा सहा महिन्यांचा मिळतो. घरी म्हशी आणि सासू असलेली बाई सहा महिने बाहेर कशी राहील, हा प्रश्न कोणालाही पडेल. दुसऱ्या वेळेस पाच आठवडे मागितले. ताईच्या केमोच्या पुढच्या दोन फेऱ्यांच्या तारखा पाहून त्या पाच आठवड्यांत बसवल्या. हॉस्पिटलचं पत्र, अर्जातल्या तारखा आणि ताईचं निमंत्रण या तिन्हींत एकच गोष्ट दिसायला हवी.

तिकडून काय मागवायचं

हॉस्पिटलचं पत्र लेटरहेडवर, तारीख, सही आणि संपर्कासह हवं. त्यात रुग्णाचं नाव, जन्मतारीख, निदान, उपचार कोणत्या टप्प्यावर आहेत आणि घरच्या माणसाचा आधार या काळात उपयोगी पडेल का, एवढं पुरे. पहिल्या वेळेस आम्ही अपॉइंटमेंटचे मेसेज आणि रिपोर्टची २२ पानं लावली होती. ती कोण वाचणार? ताईने कॅन्सर नर्सला नकाराचं पत्र दाखवून विनंती केली आणि एका पानाचं पत्र मिळालं. आपल्या आजाराचं किती उघड करायचं हे रुग्णाने ठरवावं, घरच्यांनी त्यावर दबाव आणू नये.

ज्यांच्याकडे राहणार त्यांच्या कागदांत यूकेत राहण्याच्या हक्काचा पुरावा, सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, त्याच काळाचं बँक स्टेटमेंट आणि घराचा भाडेकरार हवा. तिकीट आणि खर्च ताई-दाजी करणार होते. नियम असा की खर्च करणाऱ्या माणसाशी खरोखर वैयक्तिक किंवा कामाचा संबंध हवा आणि त्याची ऐपत आणि तयारी दिसायला हवी. नात्यासाठी ताईचा भारतीय पासपोर्ट कामी आला, कारण त्याच्या शेवटच्या पानावर आईवडिलांची नावं होती. तिकडचं नागरिकत्व घेतलेलं असेल तर जुना भारतीय पासपोर्ट किंवा जन्मदाखला काढा. नावांकडे डोळ्यात तेल घालून पाहा. आमच्याकडे आधारवर "बाई" होतं आणि पासपोर्टवर नव्हतं. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत हे पत्रात सांगितलं.

निमंत्रणात एक चूक बरेच जण करतात. "आई येऊन मुलांना सांभाळेल, घर बघेल" असं भावनेच्या भरात लिहिलं जातं. व्हिजिटर व्हिसावर काम करता येत नाही. आजीने थोडे दिवस नातवंडांकडे बघण्याला हरकत नाही, पण ती तिकडे आया म्हणून राबायला येतेय असं दिसता कामा नये. खरं असेल ते मोजक्या शब्दांत लिहा. ताईने लिहिलं की रोजची मदत दाजी आणि शेजारी करतात, आईने फक्त या दोन फेऱ्यांत जवळ असावं अशी इच्छा आहे. ते खरंच होतं.

जे लावू नये

नोटरीची प्रतिज्ञापत्रं, गाडीचे कागद, घरातले फोटो, शिक्षणाची प्रमाणपत्रं, विमानाचं बुकिंग. यांनी फाइल जाड होते, पण निकालावर काही फरक पडत नाही. व्हिसाआधी तिकीट काढूच नका. टीबीची तपासणीही सहा महिन्यांपर्यंतच्या भेटीला लागत नाही. कोणी त्यासाठी मुंबईला पाठवत असेल तर ते पैसे वाचवा.

पत्र

सोबतचं पत्र सगळ्यात महत्त्वाचं. दोन पानांच्या वर जाऊ देऊ नका. आम्ही ते इंग्रजीत असं मांडलं: "तुमच्या नकारपत्राच्या तिसऱ्या परिच्छेदात १,८०,००० रुपयांचा स्रोत दिसत नाही असं म्हटलं आहे. ही रक्कम माझ्या पतीच्या कापूसविक्रीची आहे. कागद क्रमांक ७ ते १० पाहावेत." असं प्रत्येक वाक्यासाठी. आरोप नाही, आर्जवं नाहीत, आजाराचं वर्णन तीन ओळींत. सगळ्या कागदांवर नंबर टाकले आणि त्याच क्रमाने स्कॅन केले.

एक कडू गोष्टही त्यात लिहावी लागली. पहिल्या अर्जात एजंटने आईचं उत्पन्न महिना ४०,००० लिहून ठेवलं होतं, आम्हाला न विचारता. आम्ही सही करताना पाहिलं नाही ही आमची चूक. दुसऱ्या अर्जात खरा आकडा लिहिला आणि पत्रात सांगितलं की आधीचा आकडा चुकीचा होता, तो कसा आला आणि बरोबर किती. गप्प बसून आकडा बदलला असता तर दोन अर्जांतली तफावत फसवणूक वाटली असती. त्यामुळे पहिल्या अर्जाची प्रत एजंटकडून मागून घ्याच. न देण्याचा त्याला काही अधिकार नाही.

अर्ज आणि मुंबई

अर्ज फक्त गव्ह डॉट यूके या सरकारी संकेतस्थळावर भरा, इंग्रजीत. आधी व्हिसा नाकारला गेला आहे का, या प्रश्नाला "हो". कोणत्याही देशाचा नकार असला तरी "हो". लपवणं हीच मोठी चूक ठरते. आपण ते सांगून सोबत नकारपत्र जोडलं की त्यात लाजण्यासारखं काही उरत नाही.

एप्रिल २०२५ मध्ये सहा महिन्यांच्या व्हिसाची फी १२७ पौंड झाली होती. ती दर वर्षी बदलू शकते, भरण्याआधी तिथेच पाहा. दोन, पाच, दहा वर्षांचेही व्हिसे असतात, पण नकारानंतर लगेच ते मागणं मला शहाणपणाचं वाटत नाही. साधा निकाल ठसे दिल्यापासून साधारण तीन आठवड्यांत येतो. ५०० पौंड जादा भरून पाच कामकाजाच्या दिवसांत निकाल मागता येतो. त्याने निर्णय लवकर होतो, पण व्हिसा मिळण्याची शक्यता वाढत नाही. माणूस अगदी शेवटच्या अवस्थेत असेल तरच तो खर्च करा.

बोटांचे ठसे आणि फोटोसाठी व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रात स्वतः जावं लागतं. आमच्याकडून मुंबई सोयीची, पुणे आणि अहमदाबादही आहे. सकाळची वेळ घेऊ नका, रात्रभर प्रवास करून वयस्क माणूस थकलेला असतो. कापूस वेचून आणि भांडी घासून आईच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या आहेत, ठसे तीनदा घ्यावे लागले. आधीचे चार दिवस तिला हाताला खोबरेल लावायला सांगितलं होतं, त्याचा उपयोग झाला असावा. कागद आम्ही घरूनच अपलोड करून गेलो, तिथे जादा पैसे घेऊन स्कॅन करून देतात.

व्हिसा आल्यावर

नाव, पासपोर्ट नंबर आणि तारखा लगेच तपासा. मगच तिकीट काढा, आणि परतीचंही. प्रवासी विमा व्हिसासाठी सक्तीचा नसला तरी घ्याच. पाहुण्याला तिकडच्या सरकारी रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर नेहमीच्या दराच्या दीडपट बिल येतं. हातातल्या पिशवीत हॉस्पिटलचं पत्र, ताईचा पत्ता आणि फोन, परतीचं तिकीट ठेवा, कारण उतरल्यावर तिथला अधिकारी पुन्हा विचारू शकतो. इंग्रजी येत नसेल तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा, मदतनीस बाहेरपर्यंत सोबत येतो. भारतातून दूध-तुपाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे आईने घरचं तूप आणि पेढे मन घट्ट करून बाहेर काढले. कळण्याचं पीठ आणि कुरडया गेल्या.

सांगितलेल्या तारखेलाच परत या, व्हिसाचे दिवस शिल्लक असले तरी. आई पस्तिसाव्या दिवशी घरी आली. तिचा परतीचा बोर्डिंग पास मी त्याच फाइलमध्ये, नकारपत्राच्या मागे लावून ठेवला आहे. ताईचं ऑपरेशन पुढे आहे, तेव्हाच्या अर्जात तो पहिला कागद असेल.